पान पासष्ट ते शहाण्णव

कॉलेजात त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणत आणि पाठीमागं ‘खूनसर’. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण ते असं चिकटलं की एकदा भर मीटिंगमध्ये शिपायानं “खूनसरांचा चहा कुठं ठेवू?” असं विचारलं, आणि विभागप्रमुखांसकट कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सरांनीच हात वर केला, “इकडं आण.”

नावात खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी साहित्य शिकवलं. वर्गात शिकवायचे ते नेमलेलंच, कविता-बिविता. पण जीव अडकलेला होता तो खुनाच्या, भुताखेतांच्या, चोरवाटांच्या पुस्तकांत. पिवळा कागद, कव्हरावर सुरा आणि सुऱ्याखाली उताणी बाई, असली पुस्तकं. बाकीचे मास्तर महाकवींच्या खांद्यावर बसून वर चढत होते. सर रद्दीच्या ढिगात गुडघ्यापर्यंत रुतून बसले होते.

हे खूळ लहानपणचं. बाप केस कापायचा. दुकानात खुर्ची एक आणि बाकडं एक. बाकड्यावरचं गिऱ्हाईक कंटाळून उठून जाऊ नये म्हणून बापानं पंधरा-वीस कादंबऱ्या ठेवलेल्या. पानापानांत कापलेले केस. पोरगं वाचायला शिकलं ते त्या पुस्तकांवर, म्हणून ‘कमळ’ हा शब्द येण्याआधी त्याला ‘मुडदा’ वाचता येत होता.

पुढं शिकून डॉक्टरेट करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हाच विषय पुढं केला. गाईडनं कपाळाला हात लावला. “अरे, लोक हे वाचून झालं की खिडकीतून फेकतात. त्यावर तू डॉक्टर होणार?” मग सरांनी एका कैलासवासी कवीच्या कवितेतले ढग घेतले. चार वर्षं ढग मोजले. पदवी हातात पडली त्या दिवशी ढगांना रामराम केला आणि पुन्हा मुडद्यांकडं वळले. रद्दीवाले, बंद पडलेली भाड्याची वाचनालयं, कुणाचा म्हातारा गेला की त्याच्या माळ्यावरची खोकी, असं करत अकराशे कादंबऱ्या घरात आणल्या.

बायको इस्पितळात नर्स. ती म्हणायची, “घरात जिती माणसं दोन आणि मुडदे अकराशे. वॉर्डातले मुडदे निदान नातेवाईक घेऊन तरी जातात.” पण म्हणता म्हणता तीच पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घालायची, आणि सर पुस्तकांवर कसली धूळ आहे म्हणून ओरडले की फडकं त्यांच्याच अंगावर फेकायची.

विभागात मात्र या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. सर लेख लिहीत, मासिकं परत पाठवत. परिसंवादात त्यांना बोलावत ते जेवणानंतरच्या सत्रात, अर्धे लोक पेंगत असताना. विभागप्रमुख म्हणायचे, “तुम्ही बोला हो, तुमच्या विषयात मजा येते.” मजा! सरांना वाटायचं याचं बोडकं धरून आपटावं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की या कचऱ्यातही साहित्य असतं, बघणारा लागतो. पण ‘दाखवा’ म्हटलं की दाखवायला खणखणीत असं हातात काही नसायचं. बऱ्यापैकी पुस्तकं होती, चलाख पुस्तकं होती. ज्याच्यापुढं महाकवीवाल्यांची बोलती बंद होईल असं एकही नव्हतं. हे सरांना आतून माहीत होतं, आणि तेच जास्त जाळायचं.

मग त्यांना ‘हिरवा हातमोजा’ सापडली.

लेखकाचं टोपणनाव ‘काजवा’. गोष्ट साधी. एका श्रीमंत विधवेचा तिच्याच घरात खून होतो, फौजदार येतो, चार जणांवर संशय. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी फौजदार विधवेच्या मोलकरणीला म्हणतो, ‘आता तू बोल.’ पान उलटावं, तर मोलकरीण नाही, फौजदार नाही, घरही नाही. समुद्र आहे, धुकं आहे. एक रखवालदार दीपगृहाची शिडी चढतोय आणि खाली बोटीतून एक बाई त्याला हाका मारतेय. पासष्ट ते शहाण्णव, बत्तीस पानं हेच. सत्त्याण्णवाव्या पानावर पुन्हा ते घर, आणि फौजदार विधवेच्या भाच्याच्या हातात बेड्या घालतोय. भाच्याच्याच का, ते कुठंच लिहिलेलं नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं पुस्तक भिंतीवर मारलं असतं. सर दोन दिवस धड जेवले नाहीत. वर्षभर हिंडून आणखी दोन प्रती मिळवल्या, दोन्हींत तसंच. म्हणजे लेखकानं हे मुद्दाम केलं! खुनाचं कारण शब्दांत मावत नाही, म्हणून गोष्टीला मधोमध भगदाड पाडलं आणि त्यातून समुद्र आत सोडला. सरांनी चाळीस पानांचा लेख लिहिला, ‘कथनातलं भगदाड’. तो छापून आला आणि एका थोर समीक्षकांनी भाषणात म्हटलं, “हे आमच्या नाकाखाली होतं आणि आम्ही नाक मुरडण्यात गुंतलो होतो.” झालं. लेखाचे अनुवाद झाले, दोन विद्यापीठांनी तो अभ्यासाला लावला. विभागप्रमुख पाहुण्यांना ओळख करून देताना “हे आमचे सर” म्हणू लागले. आमचे! सव्वीस वर्षं कुणाचे नव्हते ते.

त्यातच प्रोफेसरची जागा निघाली. निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली. ही गेली तर पुन्हा मिळण्यातली नव्हती. सरांनी त्या लेखाचं पुस्तक करून अर्जाला जोडलं. बाहेरच्या तज्ज्ञानं शेरा मारला, ‘मांडणी लक्षणीय. परंतु हे लेखकानं हेतुपूर्वक केलं याला पुरावा काय? तो जोडावा.’

पुरावा म्हणजे लेखक. तो जिवंत आहे की नाही हेही सरांना ठाऊक नव्हतं. जुन्या प्रकाशकाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकत होते. तिथल्या मालकानं आपल्या चुलत्याच्या, म्हणजे त्या प्रकाशकाच्या, वहीतून पत्ता काढून दिला.

तिसरा मजला, दोन खोल्या. दार काजव्याच्या मुलीनं उघडलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, निघायच्या घाईत. “बाबा, कुणी सर आलेत तुमच्या पुस्तकांसाठी,” एवढं म्हणून तिनं चहा करून दिला, पर्स उचलली आणि गेली. आत खिडकीशी म्हातारा बसलेला, अंगात स्वच्छ बंडी. शेजारी कापड पांघरलेला टाईपरायटर. जन्म कोर्टात टायपिस्ट म्हणून गेलेला. दिवसभर लोकांच्या जबान्या टाईप करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी कादंबऱ्या.

“बसा मास्तर. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो.”

सर बसले आणि बोलत सुटले. भगदाड, समुद्र, धुकं म्हणजे खुन्याचं मन, शिडी म्हणजे अपराधाची जाणीव. पाव तास बोलले. म्हातारा उलटतपासणी ऐकावी तसा शांत ऐकत होता.

“झालं तुमचं?”

“हो.”

“ती चूक आहे.”

“कसली?”

“छापखान्याची. माझ्या दोन कादंबऱ्या एकाच महिन्यात एकाच मशिनवर होत्या. ही ‘हातमोजा’ आणि दुसरी ‘धुक्यातली बोट’. सोळा पानांचा एक फर्मा असतो. ‘बोटी’चा पाचवा आणि सहावा फर्मा छापला आणि मशिनवाल्यानं खिळे, म्हणजे जुळवलेली अक्षरं, खाली उतरवलीच नाहीत. ‘हातमोज्या’च्या गठ्ठ्यालाही तेच दोन फर्मे मारले. पानांचे आकडे बरोबर जुळतात, मग शिवणाऱ्याला काय कळणार? अहो, बत्तीस पानं! सोळा दुणे बत्तीस. एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हाला आकडा बघूनही शंका आली नाही?”

सरांनी अकराशे पुस्तकं उघडून बघितली होती, पण छापखान्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. ‘धुक्यातली बोट’ त्यांना कधी मिळालीच नव्हती.

“मग तुम्ही बोलला नाहीत कुठं?”

“प्रकाशकाकडं गेलो होतो की. तो म्हणाला, खुनी सापडतो ना शेवटी? मग झालं. एका तरी वाचकाची तक्रार आलीय का? आणि खरंच आली नव्हती.” म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ते मला चुकीपेक्षा जास्त लागलं.”

“त्या ‘बोटी’ची प्रत आहे तुमच्याकडं?”

“होती. वाळवीनं वाचून काढली. पण तुमचं तोंड का उतरलं?”

सरांनी सांगितलं. लेख, जागा, शेरा, कादंबरीची निघू घातलेली नवी आवृत्ती, सगळं. म्हातारा हसत सुटला, हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, “एवढंच ना? मग मी मुद्दाम केलं असं लिहून देतो.”

“खोटं?”

“मास्तर, चाळीस वर्षं मी दुसरं काय लिहिलं?”

तिथं सरांनी उठायला हवं होतं. उठावं असं वाटलंही, पण बूड खुर्चीला खिळल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं टाईपरायटरवरचं कापड काढलं, कागद चढवला, क्षणभर डोळे मिटले आणि खडखड सुरू केली. मध्ये एकदाही थांबला नाही. पत्रात एक वाक्य होतं : ‘खुनाला कारण देणं हा मला मेलेल्याचा अपमान वाटला, म्हणून मी तिथं समुद्र ठेवला.’ सरांच्या चाळीस पानांत या तोडीचं एक वाक्य नव्हतं.

सही करून म्हातारा उठला, ट्रंकेतून एक फाईल काढली. आत कार्बनप्रती, कडा तपकिरी झालेल्या.

“ही खरी बत्तीस. मूळ प्रत छापखान्यात गेली ती गेलीच, एवढीच काय ती आहे. नवी आवृत्ती निघणार म्हणता, तर शेवटी ही जोडा. मध्ये तुमचा समुद्र राहू द्या, माझी ना नाही. पण ही कुठं तरी छापून येऊ द्या. बाकी मी काय लिहिलं ते मलाही आठवत नाही. हे आठवतं.”

“जोडतो.”

“शब्द?”

“शब्द.”

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सरांनी विभागातल्या आपल्या टेबलावर फाईल उघडली. फार आशा नव्हती. पहिली ओळ होती : ‘बोलते साहेब, पण आधी मला टेकू द्या, सकाळपासून उभी आहे.’

आणि मग मोलकरीण बोलत होती. सकाळी आली तेव्हा बाई मरून पडलेली. पण आरडाओरडा करण्याआधी तिनं सगळी भांडी घासली. कारण एकदा का पोलीस आले की घराला चार दिवस कुलूप लागणार, आणि वाळून कडक झालेली भांडी घासायला पुन्हा तिलाच बोलावणार. मुडद्याशेजारी बसून भांडी घासता घासता तिला पंधरा वर्षांचं घर आठवतं. बाईंनी केलेला अपमान, बाईंनी तिच्या तापात दिलेली आपली शाल, एकाच माणसानं दिलेल्या दोन्ही गोष्टी. घासताना दोन कप हाती येतात. एकात तळाशी साखर उरलेली. या घरात न ढवळता पिणारा माणूस एकच, भाचा. म्हणजे खुनाचा पुरावा तिनं आपल्याच हातानं धुऊन टाकला, हे तिला कळतं. आणि ती कप पुसून जागेवर ठेवते. फौजदाराला सांगताना म्हणते, ‘साहेब, रडायचं नंतर ठरवलं होतं. पण नंतर तुम्ही आलात.’

सरांनी फाईल मिटली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी उत्तरपत्रिकांवर शिक्के मारत होतं, धप, धप. सव्वीस वर्षं लोक जे ‘दाखवा’ म्हणत होते ते हे होतं. महाकवीवाल्यांना समोर बसवून वाचून दाखवावं, आणि एकानं तरी तोंड उघडून दाखवावं. कोर्टात जबान्या टाईप करणाऱ्या माणसानं, सुरा आणि उताण्या बाईच्या कव्हराआड, हे लिहिलं होतं.

आणि ते छापलं तर सर मेले. ‘आता तू बोल’ला ‘बोलते साहेब’ असं बसत होतं, की शाळेतलं पोरही म्हणालं असतं, मधला समुद्र उपरा आहे.

सरांनी फाईल घरी नेली. सांगितलं काही नाही, नुसती टेबलावर ठेवली. बायको ड्यूटीवरून आली, पाय पाण्यात सोडून बसली आणि वाचू लागली. पाणी गार झालं तरी पाय तसेच. वाचून झाल्यावर तिनं सगळं विचारून काढलं; सरांनी सांगून टाकलं.

“छापा हे.”

“अगं, पद जाईल.”

“चुलीत घाला ते पद.”

“तुला बोलायला सोपं आहे. सगळा जन्म मला हसले लोक. आता कुठं...”

“लोक कशाला हसत होते? या पुस्तकांत काही नसतं म्हणून ना? मग हे काय आहे?” तिनं फाईलवर हात आपटला. “अहो, अकराशे मुडदे सांभाळले मी तुमचे. त्यात एक जिवंत निघालं. आता तुम्हीच त्याच्या तोंडावर उशी दाबणार?”

चार दिवसांनी त्यांनी पत्र अर्जाला जोडलं, आणि नव्या आवृत्तीची प्रत छापायला पाठवली ती मोलकरणीवाचून. फाईल कॉलेजातल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. घरात ठेवायची सोय राहिली नव्हती. बायकोनं पुढं तो विषय कधी काढला नाही. मुडद्यांवरून चिडवायचंही थांबवलं. ती गप्प बसते तेव्हा घर किती मोठं वाटतं हे सरांना तेव्हा कळलं.

मुलाखतीत तज्ज्ञानं पत्र वाचलं, ते वाक्य मोठ्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, “काय माणूस आहे हो हा!” सर प्रोफेसर झाले.

नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाला म्हाताऱ्याला व्यासपीठावर बसवलं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पुस्तक. एका पोरीनं उठून विचारलं, “काका, तुम्हाला हे समुद्राचं सुचलं कसं?” म्हातारा माईककडं वाकला. “बाळ, कोर्टात मी हजारो जबान्या टाईप केल्या. प्रत्येकीत एक जागा असते, माणूस गप्प होतो. टाईपरायटर तिथं काही उमटवत नाही. ती जागा मला छापायची होती.” टाळ्या थांबेनात. विभागप्रमुखांनी डोळे पुसले. सरांनीही टाळ्या वाजवल्या. भाषणं चालली होती तेव्हा म्हातारा पुस्तकाची शेवटची पानं पुन्हा पुन्हा उलटत होता.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. “मागं नाहीत.”

“प्रकाशक म्हणाला, पानं वाढतात. पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ.”

“मास्तर, मी कोर्टात जन्म काढलाय. ‘नक्की’ म्हणणारा साक्षीदार मला लांबून ओळखू येतो.”

“काका, तसं नाही...”

“तसंच आहे. पण लिहून मीच दिलं. कुणापुढं रडू?”

सरांनी आधाराला हात पुढं केला. म्हाताऱ्यानं तो बघितला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला.

पुढची दोन वर्षं सर प्रोफेसरच्या केबिनमध्ये बसले. फाईलचं कुलूपबंद कपाटही तिथंच हलवलं. ‘भगदाडा’वर दोन पोरं पीएच.डी. करू लागली, सरच गाईड. रद्दीवाल्यांकडं त्यांच्या चकरा चालूच होत्या. फक्त आता ढीग उपसताना छातीत धडधडायचं, ‘धुक्यातली बोट’ हाती लागेल म्हणून. आणि आपल्या हाती न लागता दुसऱ्या कुणाच्या लागेल म्हणून त्याहून जास्त. म्हाताऱ्याकडं जायला पाय उचलला नाही. नव्या आवृत्तीवर आलेली पत्रं, मानपत्रं टपालानं पाठवली. तिकडून उत्तर आलं नाही.

एके दिवशी दुपारी म्हाताऱ्याची मुलगी केबिनच्या दारात उभी राहिली. केस मागं बांधलेले, हातात पिशवी.

“येऊ का सर? बाबा गेले. पंधरवडा झाला.”

सर उठून उभे राहिले. “अरेरे. ताई, मला कळवायचं तरी.”

“कुणाकुणाला कळवणार? अचानकच झालं. सर, एक विचारायला आले. शेवटचे चार दिवस एकच म्हणत होते, ‘बत्तीस पानं मास्तरांकडं आहेत.’ मी म्हटलं, कसली पानं? तर नुसते बघत राहायचे. मी घर पालथं घातलं. घराचे कागद आहेत का काही? का कुठं सही-बिही राहिली?”

कपाट सरांच्या पाठीशी होतं. हात मागं नेला असता तरी पोचला असता.

“घराचे कागद नाहीत ते,” सर म्हणाले. “त्यांच्या कादंबरीतली आहेत. छापलीयत सगळी.”

तिनं पिशवीतून नवी आवृत्ती काढली. “यात? कुठं?”

“पान पासष्ट ते शहाण्णव.”

तिनं पान काढलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं, “‘धुकं शिडीच्या पायऱ्यांवरून वर चढत होतं...’ ही?”

“हो.”

“मोजून बत्तीस?”

“बत्तीस.”

तिनं सुस्कारा सोडला. “बघा! इथंच आहेत की. बाबांनी उगाच घोर लावून घेतला, आणि मलाही लावला. सर, खरं सांगू का, मी त्यांचं कधीच काही वाचलं नाही. घरी आल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. पण मरताना ज्यांचं नाव काढलं, ती त्यांच्या जिवाची असणार ना? आता एवढी तरी वाचीन.”

तिनं पासष्टाव्या पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. दाराशी गेली आणि परत वळली.

“चांगली आहेत ना हो सर?”

“फार चांगली आहेत,” सर म्हणाले.